बाटलीवरची पट्टी कोणी चिकटवायची?

बी.बी.सी.ने 2010 साली 'व्हिक्टोरियन फार्मसी' ही चार भागांची मालिका दाखविली. श्रॉपशायरमधील ब्लिस्ट्स हिल या संग्रहालय-गावात व्हिक्टोरिया राणीच्या काळातले औषधांचे दुकान पुन्हा मांडायचे आणि ते चालवून दाखवायचे, अशी तिची कल्पना. इतिहासाच्या अभ्यासक रूथ गुडमन, औषधशास्त्राचे प्राध्यापक निक बार्बर आणि टॉम क्विक हा संशोधक विद्यार्थी असे तिघे दुकानदार. कोराडीत बसून ही मालिका पाहताना मला आधी हसू आले. ज्याला ते दीड शतकापूर्वीचे जग म्हणून उभे करीत होते, ते मी लहानपणी कामठीला पाहिले होते. तेथे त्याला कोणी व्हिक्टोरियन म्हणत नव्हते. त्याला दवाखाना म्हणत.

मालिका प्रामाणिक आहे, हे आधीच सांगतो. तो काळही अभ्यासण्यासारखा आहे. 1868 च्या फार्मसी कायद्यापर्यंत इंग्लंडात जवळजवळ कोणीही औषधाचे दुकान थाटू शकत होता. डॉक्टरची फी न परवडणारा कामगार आधी याच दुकानाची पायरी चढे. गिरणीत जाणारी इंग्रज बाई तान्ह्या मुलाला अफू घातलेले 'गॉडफ्रेज कॉर्डियल' पाजून निजवी. मुंबईच्या चाळीतली गिरणी कामगार बाई बाळगोळी देई, तीही अफूचीच. दोघींचे मालक वेगळे असतील. मुलाजवळ दिवसभर कोणी नसणे हे कारण एकच. आपल्याकडे फार्मसी कायदा 1948 साली झाला. खेड्यापर्यंत त्याचा हात पोचायला आणखी बराच वेळ लागला.

माझा आक्षेप मांडणीला आहे. वस्तू परत आणल्या की काळ परत येतो, अशी अशा पुनर्निर्मितीची समजूत असते. बरण्या येतात, खलबत्ता येतो, गोळ्या पाडायचे यंत्र येते. गिऱ्हाईक मात्र गृहीत धरलेले असते. ते दारातून आत शिरते, काउंटरवर हात टेकते, आपले दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगते. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी जात ठरवीत होती.

आमची कोराडी तेव्हा विजेच्या केंद्राची झाली नव्हती. ते 1974 नंतरचे. औषधाला कामठी गाठावी लागे. 1821 पासूनची ती इंग्रजांची छावणी, आणि पुढे विडी कामगारांना संघटित करणाऱ्या बाबू हरदासांचे गाव. सहा-सात वर्षांचा मी आजीचा पदर धरून तेथल्या एका दवाखान्याच्या पायरीखाली उभा राही. बाटली घरून न्यायची. कंपाउंडर मिक्श्चर कालवी आणि आमच्या बाटलीत वरून धार सोडी. बाटलीला भांड्याचा काठ लागू नये म्हणून तो हात इतका उंच धरी की थोडे औषध आजीच्या बोटांवरच सांडे. इतरांच्या बाटलीवर तो डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी डिंकाने चिकटवून देई. आमची पट्टी तो पायरीवर टाकी. आजी ती घरी आणून भाताच्या शिताने चिकटवी.

आता औषधशास्त्राच्या दृष्टीने पाहा. त्या काळच्या औषधविद्येची सारी अचूकता रोग्याच्या घरी या पट्टीवरच टेकलेली होती. पट्टी बोटभर वर सरकली की पहिला डोस कमी आणि शेवटचा जास्त. शिवाय कुचल्यातले स्ट्रिक्नीन मिक्श्चरमध्ये घालीत. काही क्षारांच्या संगतीने ते विरघळलेले न राहता तळाशी बसते, आणि बाटली न हलवता औषध घेत गेल्यास तळचा शेवटचा घोट विषारी ठरू शकतो. म्हणून 'हलवून घ्या' असे सांगायचे असते. लेबल इंग्रजीत, आजी निरक्षर, आणि सांगणाऱ्याला आमच्याशी बोलायचे नव्हते. विद्या विलायतेची पुरी होती. ती रोग्यापर्यंत न्यायचे शेवटचे हातभर अंतर जातीच्या ताब्यात होते.

हे एकट्या कामठीचे नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शाळामास्तराची हकीकत दिली आहे. त्याचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त आले होते. बायको बाळंतीण, तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नाही. दोन रुपये फीची हमी मिळाल्यावर त्याने थर्मामीटर दिला, तो एका मुसलमानाच्या हाती. त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला, औषध दिले. बाई गेली. त्या थर्मामीटरमध्ये काहीही खोट नव्हती. संग्रहालयात तो काचेखाली ठेवला तर पाहणाऱ्याला ताप मोजण्याची प्रगती दिसेल, तीन हात दिसणार नाहीत.

1956 च्या धर्मांतरानंतर आजी एकदा पायरी चढून वर गेली. मी मागे. तिने बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "पट्टी चिपकवून द्या ना, कंपाउंडरसायेब." तो काही बोलला नाही. डिंकाची कुपी मात्र त्याने पुढे सरकवली. तिने तेथेच, सगळ्यांसमोर, पट्टी लावली. वाकडीच लागली. यात विजय किती आणि तडजोड किती, याचा हिशेब मला अजून करता आलेला नाही.

असे दुकान उद्या नागपुरात कोणी उभे केले तर हरकत नाही. पण काउंटरइतकीच ती पायरीही मोजून बांधावी, आणि आत येण्यापूर्वी प्रेक्षकाला तिच्याखाली थोडा वेळ उभे करावे. व्हिक्टोरिया राणीच्याच काळातला दुसरा दवाखाना हवा असेल तर तोही आहे. 1897 च्या प्लेगात डॉ. यशवंतराव फुल्यांनी हडपसरजवळ सासणे मळ्यात तो चालविला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तेथे आणले. त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्या दवाखान्यात कोणत्या बरण्या होत्या हा प्रश्न मग दुय्यम ठरतो.