कथा कुठं अडते?

'कविता होते, पण कथा सुचूनच नाही रायली.' अमरावती-अकोल्याकडच्या लिहित्या पोरांकडून हे मी नेहमी ऐकतो. १४ एप्रिल जवळ आला की कवितांचा ढीग पडतो. कथा मात्र दुसऱ्या पानावर दम सोडते. मग म्हणतात, प्रेरणा कमी पडली.

मला हे पटत नाही. आपली प्रेरणा बाबासाहेब आहेत. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये ते याच अमरावतीत परिषदेला आले होते. ती प्रेरणा कमी कशी पडेल? पण विचार आपल्याला लिहायला बसवतो. पुढं नेतो तो कथेतला माणूस. आपल्या कथेत तोच नसतो. नायक पहिल्या पानावर अन्याय सोसतो अन् तिसऱ्यावर भाषण ठोकतो. शेवट लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक! मग हात चालेल कायले?

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' पुन्हा वाचा. संग्रह १९६३ चा. त्यात दोघं आहेत. काशिनाथ जात लपवत नाही, उघड भिडतो. दुसरा जात लपवून रेल्वेत नोकरी करतो, रोज भीतीत जगतो. आपल्यापैकी कुणीही काशिनाथलाच निवेदक केलं असतं. बागुलांनी लपणाऱ्याच्या तोंडी कथा दिली. कारण भाषणात न मावणारं सगळं त्याच्यापाशी होतं. कुणी म्हणेल, यानं चळवळीची बदनामी होते. उलट, माणसाला स्वतःचं नाव-गाव चोरायला लावणारी व्यवस्थाच त्या कथेत उघडी पडते.

दुसरी अडचण भाषेची. आपली माय कथेत पुस्तकी मराठी बोलते. घरात 'मले, तुले' अन् कागदावर 'मला, तुला'! अमरावतीच्या उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली. ते घर शिंप्याचं, आपलं नव्हे. पण कौतिकची वऱ्हाडी अख्खी कादंबरी पेलते. मग आपल्या वस्तीतली वऱ्हाडी का पेलणार नाही? केशव मेश्राम अकोल्यात जन्मले, कादंबरीकार झाले. ही माती कथेला नापीक नाही.

तेव्हा दोस्तहो, प्रेरणेची वाट पाहत बसू नका. ज्या माणसाचं वागणं तुम्हाला उमगत नाही, त्याला धरा. मोर्चात पुढं असणारा अन् घरी बायकोवर हात उचलणारा कार्यकर्ता. साहेब झाल्यावर वस्तीकडं न फिरकणारा भाऊ. नवऱ्यासोबत दीक्षा घेऊनही चोरून देव पुजणारी म्हातारी. यांच्यावर निकाल देऊ नका. ते असं काहून करतात, हे शोधत लिहा. रोज एक पान लिहा. लिहिलेलं विहारात, आयाबायांपुढं मोठ्यानं वाचा. 'असं कोणी बोलते का बावा?' असं त्या म्हणाल्या, तर ते पान पुन्हा लिहा.

जयभीम.