उशाकडचं आणि पायथ्याकडचं

रसग्रहण कवितेचं करतात. मी आज ते एका वाकळेचं करणार आहे, कारण आयुष्यात सर्वांत जास्त वेळ मी जिच्या सहवासात काढला अशी रचना तीच. अहमदपूर तालुक्यातलं आमचं गाव, चार एकर कोरडवाहू रान, आणि त्या रानावर जगलेल्या घरात मायनं शिवलेली ही वाकळ. लांबी पाच हात, रुंदी साडेतीन हात. मोजायला हात मायचाच.

वाकळेबद्दल बोलताना आपण दोन शब्दांवर थांबतो, ऊब आणि माया. दोन्ही खरे आहेत. पण माया म्हटलं की पुढं बघायचं राहून जातं. एखाद्या कवितेविषयी ‘मनापासून लिहिली आहे’ एवढंच म्हणून कुणी पान उलटलं, तर त्या कवितेवर अन्याय होतो. वाकळ शिवणाऱ्या बाईच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या तेवढंच आलं. कोणतं कापड कुठं लावलं आणि का, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही चाळिशी उलटेपर्यंत विचारलं नव्हतं.

वाकळ पसरली की आधी नजरेत भरतं ते एका कडेच्या मधोमध लावलेलं वीतभर तांबडं ठिगळ. बाकी सारी वाकळ निळी, खाकी, मळकट पांढरी. तांबडं हे एकटंच. जुन्या चोळीचा तो खण आहे. मला तो शोभेसाठी लावलेला वाटायचा. मायला विचारलं तेव्हा तिनं माझा हात धरून त्या ठिगळावरून फिरवला. खणाची वीण आणि त्याचा काठ बोटांना वेगळा लागतो. “उशाची खूण हाय ती,” ती म्हणाली. “लाईट नसली तरी हाताला कळतंय. पायाकडचं तोंडावर येऊ नये माणसाच्या.”

म्हणजे या रचनेला वाचायची दिशा आहे, आणि ती दिशा अंधारात, हातानं वाचायची आहे. एकदा हे कळलं की बाकीची वाकळ आपोआप उलगडू लागते. उशाकडच्या हातभर भागात आजोबांच्या धोतराचे तुकडे आहेत, शेकडो वेळा धुऊन सायीसारखे मऊ झालेले. गालाला तेच लागतं. पायथ्याला माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्यांचं जाड कापड आहे. दिवसभर ढेकळांतून चाललेल्या टाचांना भेगा असतात. भेग मऊ कापडात अडकली की कापड टरकतं, खाकी मात्र दाद देत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण म्हणतो. मायनं पाय पाहून अंथरूण शिवलं.

मधला पट्टा वडिलांच्या सदऱ्यांचा आहे. सदरा आधी खांद्यावर, कॉलरीजवळ आणि काखेत विरतो. पाठ आणि पुढचा भाग टिकतो. ज्या भागाला उरलेलं बळ आहे तोच तिनं उचलला. त्यात एका फिकट निळ्या ठिगळावर चार बोटांचा गडद चौकोन दिसतो. तो खिशाखालचा भाग. खिसा उसवून काढला आणि त्याच्या सावलीत राहिलेलं कापड तसंच गडद निळं निघालं. वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्या सदऱ्याचा रंग किती नेला, हे या एका चौकोनावरून कळतं. माय तो भाग कापून टाकू शकली असती. तिनं तो वाकळेच्या बरोबर मध्यावर, छातीवर येईल असा लावला. वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या मते या रचनेतली सर्वांत उत्कट जागा ही आहे, आणि ती एका अक्षरानंही स्वतःकडं लक्ष वेधून घेत नाही.

वाकळ उलटी केली की खालच्या अंगाला पूर्ण लुगडं आहे, आजीचं, इरकली काठाचं. इरकल म्हणजे कर्नाटकातलं इळकल. आमच्याकडच्या पेट्यांत इरकली लुगडी सहज सापडायची, कारण हा मुलूखच सीमेवरचा. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्याचे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तिथून उसवले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा पुन्हा नव्या कापडावर बसले. आजीनं आयुष्यभर एकाच घरात राहून तीन जिल्हे पाहिले. तिच्या लुगड्याचा काठ मात्र बदलला नाही.

आता दोरा. वाकळेचा टाका अगदी साधा, धावदोरा. बाहेरच्या कडेनं सुरुवात करायची, चारी बाजूंनी वळसा घालत आत आत यायचं, आणि दोन ओळींत बोटभर अंतर ठेवायचं. हे काम चैत्र-वैशाखात चालायचं, रब्बीची रास घरात आलेली आणि रान मोकळं असायचं तेव्हा. सारवलेल्या ओसरीवर लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड, वर थर, आणि दुपारच्याला शेजारच्या बाया आपापली सुई घेऊन यायच्या. म्हणून या वाकळेत एकच हस्ताक्षर नाही. नीट पाहिलं तर एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे टाके आहेत, ते मायचे. पलीकडच्या कडेला टाका लांब आणि जरा तिरपा होतो. ती शेजारची काकू, तिला घरी धारेला जायची घाई असायची. एका कोपऱ्यात टाके कधी बारीक, कधी मोठे, मध्येच वळलेले. ते माझ्या बहिणीचे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मायनं ते उसवून सरळ केले नाहीत. तिच्या हाताला वळण लागायचं होतं, आणि वळण लागण्याची जागा म्हणून वाकळेचा एक कोपरा तिला दिलेला होता.

मायचा हाच हात चुलीपुढं पाहिला की दोन्ही कामांचं व्याकरण एक असल्याचं जाणवतं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते आपण होऊन धरून राहत नाही. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, काटवटीत तळहाताच्या टाचेनं रगडायचं, आणि उंडा करून फिरवत फिरवत थापायचं. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते आणि भाकरीच्या कडा चिरतात. अशा वेळी माय भाकरी लहान थापायची आणि कड सतत ओल्या हातानं सावरायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, ते सुकायच्या आत उलटायची, मग तवा उतरवून आरापुढं उभी धरायची. भाकरी फुगली की तिचा पापुद्रा सुटतो. पिठात जे नाही ते हातानं आणायचं, ही भाकरीची रीत. विरलेल्या कापडात जे उरलं नाही ते दोऱ्यानं आणायचं, ही वाकळेची. वरण तुरीचं, भाजी अंबाडीची, चटणी जवसाची किंवा कारळाची. रोजच्या ताटातली प्रत्येक वस्तू आधी आमच्याच धुऱ्याच्या आत उभी असायची. कमी होतं हे खरं. पण त्या कमीतून काय कशाशेजारी ठेवायचं, याची निवड रोज होत होती.

ती निवड सर्वांत उघडपणे दिसायची येळवशीला. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-धाराशिवकडं अख्खं गाव रानात नेते. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पूजा करायची, आणि सगळ्यांना बोलावून जेवू घालायचं. ही वाकळ त्या दिवशी बैलगाडीतून रानात जायची आणि पाहुण्यांखाली अंथरली जायची. पानात आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, रानात त्या आठवड्यात जे हिरवं असेल ते सगळं भज्जीत येतं. पण ते एकदम पातेल्यात लोटत नाहीत. निबर दाणे आधी शिजतात, कोवळा पाला शेवटी पडतो, आणि बेसनाचं पाणी सगळ्यांना एकत्र बांधतं. पायथ्याला खाकी आणि उशाला धोतर लावणारी नजर इथंही काम करते.

या वाकळेत एक जागा अशी आहे जिथं रचना अडखळते. उजव्या अंगाला टेरिकॉटचे दोन तुकडे आहेत. ते घाम शोषत नाहीत, दोऱ्यावर सरकतात, आणि त्यांच्या कडेचा टाका दोनदा तुटून पुन्हा घातलेला दिसतो. सुती कापड झिजेल तसं मऊ होतं. टेरिकॉट झिजत नाही आणि मऊही होत नाही. घरातली सुती लुगडी जाऊन सिंथेटिक साड्या आल्या, त्याच सुमारास रानातली खरिपाची ज्वारी जाऊन सोयाबीन आलं. सोयाबीननं हातात रोख पैसा दिला, आमची शिक्षणं त्यावर झाली, हे मी विसरत नाही. पण ते घरच्या ताटात येत नाही आणि त्याचा कडबा होत नाही. भाकरीसाठी ज्वारी विकत आणणारं शेतकऱ्याचं घर आता आमच्याकडं नवलाचं राहिलेलं नाही. वाकळेत हा सगळा बदल दोन तुकड्यांत नोंदलेला आहे, आणि त्याभोवतीचा पुन्हा पुन्हा घातलेला दोरा त्याच्याशी जुळवून घ्यायला किती कष्ट पडले ते सांगतो.

जोडलेल्या कापडाला आपल्या परंपरेत मान आहे. चिंध्यांचं वस्त्र अंगावर घेणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे. त्याहून जुना धागा विनयपिटकात आहे. मगधातली बांधांनी आखलेली शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला तशाच आकृतीचं चीवर करायला सांगितलं, आणि भिक्खूंचं वस्त्र आजही तुकडे जोडूनच शिवतात. शेतानं वस्त्राला आकार दिला, ही गोष्ट अडीच हजार वर्षांची आहे. अलीकडं, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून कापसाच्या मळ्यांत राबले होते. पाहणाऱ्यांनी तिथं थांबून रंगांचा तोल पाहिला, रेषांचं धाडस पाहिलं. आपल्या ओसरीवरच्या वाकळेपुढं तेवढा वेळ थांबायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही घराबाहेर, खळ्यावर झोपलो. भिंतींचा भरवसा गेला होता. त्या रात्री या वाकळेवर आम्ही तिघं भावंडं होतो. माय जागीच असायची आणि मध्येच हात फिरवून तांबडं ठिगळ आमच्या डोक्याशीच आहे ना, ते बघायची.

मागच्या घटस्थापनेच्या आधी वाकळा धुवायला काढल्या तेव्हा हिचा एक कोपरा उसवलेला दिसला. आत बोट घातलं तर आणखी एक वाकळ लागली, आजीनं शिवलेली. पार विरलेली होती, म्हणून मायनं ती टाकून न देता नव्या वाकळेच्या पोटात घातली होती. आजीचे टाके मायच्या टाक्यांपेक्षाही बारीक आहेत. मी दोऱ्याचा शेवट शोधू लागलो, गाठ कुठं आहे ते पाहावं म्हणून. आजीच्या दोऱ्याला गाठ सापडली नाही, मायच्याही नाही. शेवटचे तीन टाके मागं घेऊन टोक आत सरकवून दिलेलं होतं.

“गाठ का मारत नाहीस?” मी विचारलं.

“गाठ मारली की पुढच्या बाईला ती उसवावी लागती,” माय म्हणाली. “टोक ठिवलं की तिला तिथनंच पुढं धरता येतंय.”

तिला आता सुईत दोरा ओवायला दिसत नाही. मी ओवून दिला. आजीच्या दोऱ्याचं टोक तिनं बोटांनी चाचपून शोधलं आणि तिथून धरलं.