न्यूरोडेस्क: सोय कुठे संपते?

एमआरआय डेटावर काम सुरू केलं की पहिले पंधरा दिवस मेंदूत जात नाहीत, इन्स्टॉलेशनमध्ये जातात. एफएसएल विंडोजवर थेट चालत नाही, फ्रीसर्फरला लिनक्स किंवा मॅक लागतं, आणि एकासाठी टाकलेली लायब्ररी दुसऱ्याला बिघडवते. तुम्ही यातून जात असाल तर एखाद्या सीनियरने सांगितलंच असेल, "अरे, न्यूरोडेस्क टाक ना."

सल्ला चांगलाच आहे. डॉकर कंटेनरमध्ये आख्खा लिनक्स डेस्कटॉप, तो ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडतो, आणि आत प्रत्येक सॉफ्टवेअर पुन्हा आपापल्या वेगळ्या कंटेनरमध्ये, व्हर्जन नंबरसकट. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे व्हर्जनचं. २०१२ मध्ये ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या व्हर्जनमधून काढून पाहिले. व्हर्जन ५.०.० आणि आधीच्या दोन व्हर्जनमध्ये आकारमानाचा फरक सरासरी ८.८ टक्के, कॉर्टेक्सच्या जाडीचा २.८ टक्के. नुसतं मशीन बदललं तरी साधारण याच्या निम्मा फरक! आता विचार करा, निम्मे रुग्ण तुमच्या लॅपटॉपवर आणि निम्मे लॅबच्या सर्व्हरवर प्रोसेस केले, तर जो फरक सापडेल तो आजाराचा की मशीनचा?

पण 'दरवेळी तेच उत्तर' म्हणजे 'बरोबर उत्तर' नव्हे. आणि माझी खरी तक्रार कंटेनरबद्दल नाहीच, रिमोट डेस्कटॉपबद्दल आहे.

फ्रीव्ह्यूमध्ये तुम्ही स्लाइस सरकवता तेव्हा नेटवरून डेटा येत नाही, स्क्रीनचं चित्र येतं, तेही बहुधा कॉम्प्रेस होऊन. जीपीयू कंटेनरपर्यंत पोचवलेला नसेल तर थ्रीडी पृष्ठभाग बिचारा सीपीयूच रंगवतो, त्यामुळे फिरवताना झटके. झटके सोसता येतात हो. पण करड्या आणि पांढऱ्या भागाची सीमा किंचित पुसट होते, आणि क्वालिटी चेक म्हणजे नेमकं तीच सीमा बघणं. मी एकदा होस्टेलच्या नेटवर रात्री काही स्कॅन 'ठीक' म्हणून पास केले. दोन दिवसांनी लॅबच्या मॉनिटरवर बघितलं, तर त्यातल्या एकात पायल पृष्ठभाग सरळ ड्युरामध्ये घुसला होता. सगळे पुन्हा तपासावे लागले. तेव्हापासून प्रोसेसिंग रिमोटवर, तपासणी मात्र फाइल उतरवून आपल्याच मशीनवर.

आणखी एक. डॉकरने सुरू करायच्या कमांडमध्ये 'प्रिव्हिलेज्ड' असा शब्द असतो. म्हणजे कंटेनरला यजमान मशीनवर जवळजवळ रूटइतके अधिकार. स्वतःच्या लॅपटॉपवर चालेल, सामायिक सर्व्हरवर अॅडमिन नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका, त्याचं बरोबर आहे. तिथे अॅपटेनर वापरा. तेच कंटेनर त्यात चालतात.

शेवटचा मुद्दा नवख्यांना पटत नाही. डेस्कटॉप समोर आला की माणूस माउसने काम करायला लागतो. कंटेनरने सॉफ्टवेअर गोठवलं, पण तुमच्या क्लिक कुठेच लिहिल्या जात नाहीत. कुठला थ्रेशोल्ड ठेवला होता, हे सहा महिन्यांनी गाइडने विचारलं तर? म्हणून विंडोत एकदा करून बघा, आणि मग टर्मिनल उघडून तीच पायरी स्क्रिप्टमध्ये उतरवा. व्हर्जन नंबर त्याच फाइलच्या पहिल्या ओळीत.