पी-५३ ची तपासणी : नकार आणि लोप

शास्त्र पुढे जाते आणि त्याची परिभाषा मागे रेंगाळते, याचे उदाहरण म्हणून पी-५३ या अर्बुदरोधक प्रथिनाकडे पाहता येईल. १९७९ मध्ये निरनिराळ्या संशोधकगटांना ते आढळले. जेलमधील विद्युत्-वहनात त्याचे वजन ५३ किलोडाल्टन भासले, म्हणून हे नाव; ३९३ अमिनो आम्लांच्या या साखळीचे खरे वजन सुमारे ४४ किलोडाल्टन आहे. प्रारंभी ते अर्बुदवाढीस साहाय्यक समजले गेले. ते वस्तुतः रोधक आहे, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. नावातील चूक निरुपद्रवी ठरली. तपासणीच्या निष्कर्षाची भाषा मात्र तशी नाही.

ऊतीच्या पातळ कापावर हे प्रथिन शोधण्यासाठी डीओ-७ हा उंदराच्या पेशींपासून मिळविलेला प्रतिपिंड सर्रास वापरला जातो. प्रथिनाच्या आरंभीच्या टोकाजवळील मोजकी अमिनो आम्ले तो ओळखतो. ती निर्दोष प्रथिनात असतात, तशीच बहुतेक सदोष प्रथिनांतही असतात. अर्थात हा प्रतिपिंड अस्तित्वाची साक्ष देतो, गुणदोषाची नव्हे. निर्दोष प्रथिन पेशीत लवकर नष्ट होत असल्याने रंग विरळ व कमीअधिक दिसतो. एखादे अमिनो आम्ल बदलले की सदोष प्रथिन बहुधा साचून राहते आणि पेशींची केंद्रके गडद रंगतात. येथवर ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे सदोष, हे समीकरण चालते. परंतु ज्या उत्परिवर्तनांत प्रथिन बनतच नाही, तेथे रंग मुळीच उमटत नाही; आणि हीही विकृतीच होय. अशा अर्बुदांवर पूर्वी ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसे व त्यांची गणना निर्दोषांत होई. मराठी बोलीत तर ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ हे वाक्य सुवार्ता म्हणूनच ऐकले जाते.

व्याकरणाच्या अभ्यासकास हा घोटाळा परिचित आहे. ‘झाड–झाडे’ यांत अनेकवचनाचा प्रत्यय दिसतो. ‘एक दगड, दोन दगड’ यांत तो दिसत नाही, तरी अनेकवचन असतेच. जेथे प्रत्यय अपेक्षित आहे तेथील त्याचे अदर्शन, म्हणजे लोप, अर्थवाहक ठरतो. सूक्ष्मदर्शकाखालीही हाच नियम लागू पडतो. अर्बुदाशेजारच्या निरोगी पेशी फिकट रंगल्या असतील, तरच अर्बुदातील पूर्ण रंगहीनतेस अर्थ प्राप्त होतो. त्याही कोऱ्या असतील, तर दोष रंगप्रक्रियेचा असण्याचा संभव आहे.

गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचे जनुकीय वर्गीकरण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेल्या आजच्या चार गटांपैकी विकृत पी-५३ चा गट सर्वांत वाईट भवितव्याचा आहे. तेथे गडद रंग आणि पूर्ण लोप या दोहोंना ‘विकृत’ आणि मधल्या विरळ रंगास ‘प्राकृत’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो सर्वत्र स्वीकारार्ह आहे, कारण चुकीच्या शब्दाने रुग्णेचा गटच बदलतो व त्यासोबत उपचारही.

दोन शब्दांत निकाल देण्याची सोय मोठी आहे, आणि स्तनाच्या कर्करोगातील संप्रेरकग्राहींच्या तपासणीत ती बहुतांशी निभावतेही. पी-५३ बाबत ती निभावत नाही. ‘विकृत–प्राकृत’ ही जोडीही निर्दोष नाही. काही उत्परिवर्तने रंगात बदल न घडविताच राहतात, आणि तेथे जनुकाचा क्रम वाचण्यावाचून गत्यंतर नाही. तथापि ही जोडी प्रथिनाच्या स्थितीविषयी बोलते. जुनी जोडी केवळ रंगाविषयी बोलत होती.