मातीचे देणे

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लीबिग हे नाव ठाऊक असते ते प्रयोगशाळेतल्या 'लीबिग कंडेन्सर'मुळे, आणि मार्क्स हे नाव साऱ्यांनाच ठाऊक असते ते संपामुळे व लाल निशाणामुळे. या दोघा जर्मनांचे ग्रंथ आपण दोन वेगळ्या कपाटांत ठेवतो. मला मात्र ते शेजारी ठेवावेसे वाटतात.

युस्टुस फॉन लीबिग (१८०३–१८७३) गीसेनला प्राध्यापक असताना, १८४० मध्ये, त्याचा शेतीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पिकाबरोबर मातीतली पोटॅश, फॉस्फेट यांसारखी द्रव्ये शेतातून निघून जातात. ती परत केली नाहीत तर ती शेती नव्हे, लूट होय, हे त्याचे म्हणणे. १८६२ च्या आवृत्तीत ही भाषा फारच तिखट झाली. इंग्लंड आपल्या शेतांसाठी लाइपझिग, वॉटर्लू आणि क्रिमियाच्या रणभूमींवरची हाडेसुद्धा उकरून नेते, असा आरोप त्याने केला. येथे रसायनज्ञाचा कोरडा स्वर सुटतो आणि घरातला कर्ता माणूस बोलू लागतो. लीबिग चुकलाही. त्याने तयार केलेले खत पावसात वाहून जाऊ नये म्हणून इतके अविद्राव्य केले होते की पिकाला त्याचा उपयोगच होईना! पुढे ही चूक त्याने उघडपणे कबूल केली. मला त्याच्या लेखनातली ही कबुली फार मोलाची वाटते.

लंडनमध्ये मार्क्स हे सारे वाचीत होता. १८६६ च्या फेब्रुवारीत त्याने एंगल्सला लिहिले की, या प्रश्नात सगळ्या अर्थशास्त्रज्ञांपेक्षा नवे कृषिरसायन अधिक महत्त्वाचे आहे. १८६७ मध्ये 'भांडवल'चा पहिला खंड निघाला. त्यातले यंत्रांवरील दीर्घ प्रकरण संपते ते गिरणीत नव्हे, शेतात. शहरे मातीचा कस खेचून घेतात व परत देत नाहीत, मजूर आणि माती दोन्ही एकाच वेळी झिजतात, असा तेथील निष्कर्ष आहे. तळटिपेत लीबिगचा मोठा गौरव आहे, आणि त्याच्या ऐतिहासिक विवेचनातल्या चुकांवर बोटही ठेवले आहे. गुरूला असे वाचावे!

मार्क्सच्या मृत्यूनंतर एंगल्सने १८९४ मध्ये तिसरा खंड प्रसिद्ध केला. त्यात तर मार्क्स म्हणतो की, अवघा समाजसुद्धा पृथ्वीचा मालक नव्हे. चांगल्या कुटुंबप्रमुखाप्रमाणे ती सुधारून पुढच्या पिढ्यांच्या हाती द्यावयाची असते. म्हणजे लीबिगचा तो कर्ता माणूस येथे पुन्हा भेटतो.

माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. इतका मोठा विचार मार्क्सने प्रकरणांच्या शेवटी आणि तळटिपांत ठेवला. आणि शेवटपर्यंत वाचणारे वाचक थोडेच असतात. मालकी बदलली की सारे सुधारेल, एवढाच धडा पुष्कळांनी घेतला. सोव्हिएत संघात जमीन सरकारची होती. तरीही कापसासाठी नद्यांचे पाणी वळविल्यामुळे १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. मालक बदलला, लूट तशीच राहिली.

काय गमावले जाते हे रसायनज्ञाने सांगितले; ते कोणत्या व्यवस्थेमुळे गमावले जाते हे राजकीय विचारवंताने सांगितले. एकाला सोडून दुसऱ्याला वाचले तर हिशेब अर्धाच राहतो, आणि अर्ध्या हिशेबाने मातीचे देणे फिटत नाही.