‘हेल्परशिवाय’ म्हणजे नेमकं काय? सॅटेलाइट आरएनएवरचा एक पेपर वाचताना

मे २०२० मध्ये आपल्या नाशिक-नगर पट्ट्यातल्या टोमॅटोवर आलेला ‘तिरंगा व्हायरस’ आठवतोय ना? बेंगळुरूच्या तपासणीत त्यात मुख्यतः काकडी मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही सापडला. या विषाणूसोबत कधी कधी एक सॅटेलाइट आरएनए फिरतो. तो साधारण ३३० ते ४०० न्यूक्लिओटाइडांचा असतो आणि स्वतःच्या प्रती काढणारं एन्झाइम त्याच्याकडे नसतं. काही सॅटेलाइट रोग सौम्य करतात, तर काही टोमॅटो अक्षरशः जाळतात. हे जळणं सॅटेलाइटमुळेच होतं, असं केपर आणि वॉटरवर्थ यांनी १९७७ मध्ये दाखवलं.

पुस्तकी उत्तर असं: सीएमव्हीची १ए आणि २ए प्रथिनं पेशीद्रवात त्याच्या प्रती काढतात. २०१२ मध्ये ए. एल. एन. राव यांच्या गटाने ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त याला धक्का दिला. हेल्पर विषाणू नसतानाही क्यू-सॅटेलाइट केंद्रकात जातो आणि तिथे त्याच्या जोडसाखळ्या, म्हणजे मल्टिमर तयार होतात, असा त्यांचा दावा.

पेपरची ताकद ऋण धाग्यात आहे. पानात ॲग्रोबॅक्टेरियमने सोडलेला डीएनए धन धागा देतो. मग ऋण धागा आला कुठून? कोणीतरी आरएनएवरून नक्कल केली असणार. हा पुरावा मला पटतो.

कच्चा दुवाही इथेच आहे. ॲग्रोबॅक्टेरियमच्या पद्धतीत आरएनए जन्मतोच केंद्रकात. शेतात मात्र तो माव्याच्या सोंडेतून, विषाणूच्या कवचात बसून येतो आणि आधी पेशीद्रवात उतरतो. म्हणजे ‘असं होऊ शकतं’ हे सिद्ध झालं. ‘शेतातल्या रोपात असं होतं’ हे नाही. २०१४ मध्ये याच गटाने त्याला केंद्रकात नेणारं बीआरपी१ हे वनस्पतीचं प्रथिन दाखवलं. त्यामुळे वाट सापडली, पण त्या वाटेवर नैसर्गिक संसर्गात किती रहदारी असते हा प्रश्न उरतोच.

आता शीर्षक नीट बघा. त्यात ‘ट्रान्स्क्रिप्शन’ आणि ‘मल्टिमरायझेशन’ आहे, ‘रेप्लिकेशन’ नाही. लेखकांनी शब्द जपून वापरलाय. ‘सॅटेलाइट हेल्परशिवाय वाढतो’ असं सेमिनारमध्ये ठोकून देतो तो आपण.

म्हणून पेपर वाचताना दोन गोष्टी वहीत लिहा: रेणू पेशीत कुठून आत आला, आणि क्रियापद कोणतं वापरलंय. पेट परीक्षेच्या मुलाखतीत निम्मे प्रश्न इथूनच निघतात.