निवृत्ती, प्रवास आणि टेबल : केकी मूस यांच्या आख्यायिकेचे वाचन

मराठीत ‘निवृत्त’ हा शब्द दोन व्यवहारांत वावरतो. कचेरी किंवा धंदा सोडणारा माणूस निवृत्त होतो आणि प्रवृत्तिमार्ग सोडणारा साधकही निवृत्त होतो. पहिल्या अर्थी काम संपते. दुसऱ्या अर्थी कामाची आसक्ती गळून पडते. व्यावसायिक शिक्षण घेतलेल्या कलावंताच्या एकांताविषयी लिहिताना हे दोन्ही अर्थ नकळत एकमेकांत मिसळतात आणि बाजाराकडे पाठ फिरवणे म्हणजेच अध्यात्माचा आरंभ, असे समीकरण तयार होते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांच्याभोवती रचले गेलेले चरित्रपर कथन हे या समीकरणाचे ठळक उदाहरण होय.

मूस यांचा जन्म मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या बेनेट कॉलेजात त्यांनी व्यावसायिक कलेचे शिक्षण घेतले. १९३८ च्या सुमारास ते चाळीसगावला परतले आणि पुढची सुमारे पाच दशके रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. लोकमानसाने या वास्तवाला एक कथा जोडली. प्रेयसीने पंजाब मेलने येण्याचे वचन दिले होते, म्हणून त्या गाडीच्या वेळी घराची दारे-खिडक्या रोज उघडली जात, असे सांगितले जाते. पुढे ‘कलामहर्षी’ ही उपाधीही त्यांच्या नावाला चिकटली. विरही प्रियकर आणि विरक्त ऋषी या प्रतिमा वरवर परस्परविरोधी आहेत. परंतु त्यांचे कार्य एकच आहे. दोन्ही प्रतिमा बंद दाराकडे पाहायला लावतात, दारामागच्या कामाकडे नव्हे.

खानदेशच्या परिसरात ही प्रक्रिया नवी नाही. चाळीसगावहून जाणारा लोहमार्ग जळगाववरून भुसावळला येतो आणि तेथून त्याचा एक फाटा बोदवडमार्गे नागपूरकडे वळतो. त्याच भुसावळात मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी गिल १८४४ मध्ये नेमला गेला. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ च्या जेम्स फर्ग्युसन यांच्या लेणीविषयक ग्रंथात त्याची छायाचित्रे आहेत. मराठी वाचकाला मात्र गिल ठाऊक आहे तो पारोचा प्रियकर म्हणून. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घकाव्याने ती प्रेमकथा मराठी संवेदनेत रुजवली. कवीला तो अधिकार आहेच. दोष कवितेचा नाही. कवितेने उभे केलेले मिथक चरित्र म्हणून स्वीकारून छायाचित्रकार गिलचा शोधच थांबवणाऱ्या वाचनाचा आहे.

मूस यांच्या बाबतीत या थांबण्याची किंमत अधिक मोठी आहे. त्यांची ख्याती टेबल-टॉप छायाचित्रणाची. टेबलावर काटक्या, दगड, वाळू, भाजीपाला अशा वस्तू मांडायच्या आणि प्रकाश व दृष्टिकोन यांच्या योजनेने त्यांतून निसर्गदृश्याचा किंवा प्रसंगाचा प्रत्यय निर्माण करायचा, हे या प्रकाराचे स्वरूप. वस्तू टेबलावर मांडून तिच्या पोतावर प्रकाश खेळवणे हा जाहिरातीच्या छायाचित्रणाचाही पाया असतो. तेव्हा मूस यांनी व्यावसायिक कलेचे शिक्षण टाकून दिले असे म्हणता येत नाही. त्यांनी त्या शिक्षणातले विक्रीचे प्रयोजन वगळले आणि तंत्र शिल्लक ठेवले. त्यांच्या ‘निवृत्ती’चा कलादृष्ट्या नेमका अर्थ हाच आहे. ‘महर्षी’ या शब्दात हा अर्थ मावत नाही, कारण ऋषीला तंत्र शिकावे लागत नाही, त्याला दर्शन होते.

या ठिकाणी एक सैद्धांतिक प्रश्नही उपस्थित होतो. रोलां बार्थ यांनी ‘कॅमेरा ल्युसिडा’त (१९८०) छायाचित्राचे मर्म साक्षीत शोधले : भिंगासमोर जे होते ते खरोखर होते, याची छायाचित्र ग्वाही देते. टेबल-टॉप ही ग्वाही मोडत नाही, दुभंगते. काटकी होती, वाळू होती. अरण्य किंवा वाळवंट मात्र कधीच नव्हते. वस्तूची साक्ष खरी आणि दृश्याची साक्ष रचलेली, अशा द्विधा संहितेपुढे प्रेक्षक उभा राहतो. भ्रम आणि सत्य यांचे हे नाते आपल्या अध्यात्मविचारालाही परिचित आहे. पण ते मूस यांच्या दिनचर्येत नव्हे, त्यांच्या चित्रचौकटीत शोधायला हवे.

प्रवासाचा प्रश्नही याच चौकटीत येतो. मराठीत प्रवास आणि अध्यात्म यांची सांगड चालण्याने घातली जाते. वारी हे तिचे सामूहिक रूप. नर्मदापरिक्रमेची पार्श्वभूमी असलेले गो. नी. दांडेकर यांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७) हे तिचे वाङ्मयीन रूप. तेथे पाय पुढे पडतात तसा ‘मी’ झिजत जातो. मूस यांच्याकडे पाय थांबलेले आहेत आणि भूप्रदेश टेबलावर येतो. घराबाहेर न पडणारा माणूस दूरची दृश्ये रचतो, आणि ती छायाचित्रे देशोदेशीच्या प्रदर्शनांत जातात. प्रवास घडतो तो कलाकृतीचा.

याला वैराग्य म्हणण्याआधी आपल्याच परंपरेतला दुसरा शब्दव्यवहार आठवावा. सावता माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही, भाजीपाल्यातच त्याने विठ्ठल पाहिला, असे परंपरा सांगते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे तत्त्वचिंतन जाते आणि शेत यांच्यापासून वेगळे काढता येत नाही. मूस यांना वारकरी ठरवण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे म्हणजे एका पारशी कलावंतावर आणखी एक झूल चढवणे होईल. बहिणाबाईंचे घर कष्टाचे होते, मूस यांचे निवडलेल्या एकांताचे; हा भेदही पुसता येणार नाही. मुद्दा एवढाच की, हातातले काम न सोडता घडणाऱ्या साधनेसाठी मराठीत शब्द आहेत, आणि तरीही समीक्षा संन्यासाचीच परिभाषा उचलते.

आख्यायिका खोडून काढल्याने समीक्षेचे काम पुरे होणार नाही. पंजाब मेलची कथा खरी असो वा नसो, तिच्यातले उघडे दार महत्त्वाचे आहे : त्या कथेनेच एकांत आणि जग यांचा संबंध तुटू दिलेला नाही. तो संबंध मूस यांच्या छायाचित्रांत कोणत्या प्रकाशयोजनेने, कोणत्या मांडणीने घडतो, हे चाळीसगावच्या त्यांच्या घरात जपलेल्या चित्रांसमोर उभे राहून सांगावे लागेल. ऋषीला नमस्कार केला की पाहणे संपते. कारागिरासमोर मात्र पाहण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही.